मापात पाप कुठे उरलं आहे

दादाच्या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. वाळूची ट्रॉली आली. फोनवर 'एक ब्रास' असं ठरलं होतं आणि पैसेही एका ब्रासचेच द्यायचे होते. ड्रायव्हर ट्रॉली पलटी करणार, तेवढ्यात माझी नववीतली भाची गवंड्याचा टेप घेऊन वर चढली. आतली लांबी साडेनऊ फूट, रुंदी साडेपाच फूट. वाळू हातानं सपाट करून उंची मोजली, ती पावणेदोन फूट. वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला तर उत्तर आलं ९१.४ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट. साडेआठ घनफूट वाळू आलीच नव्हती.

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "ताई, इकडं ह्यालाच ब्रास म्हणत्यात." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मालकानं त्या ट्रॉलीलाच ब्रास हे नाव दिलं होतं आणि आजवर कुणी टेप लावला नव्हता.

रात्री जेवताना भाचीनं विचारलं, "आत्या, ब्रास कुठल्या इयत्तेत असतो?" मी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवते. ब्रास कुठल्याच इयत्तेत नाही. टीएमसी (अब्ज घनफूट) नाही, क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) नाही, खंडी नाही. आम्ही मुलांना घनमीटर, हेक्टर आणि लिटर शिकवतो, परीक्षेत त्यांचीच रूपांतरं विचारतो. पण तीच मुलं मोठी होऊन जमीन विकत घेतात, घर बांधतात, धरणातून पाणी सुटल्याची बातमी ऐकून सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते ठरवतात, तेव्हा त्यांच्यासमोर येणारी मापं निराळीच असतात. आयुष्यातले सगळ्यात मोठे व्यवहार ज्या मापांत होतात ती मापं शाळा शिकवत नाही आणि शाळा शिकवते ती मापं त्या व्यवहारांत वापरली जात नाहीत. ही दरी मला वर्षानुवर्षं खुपते आहे.

भारतानं मेट्रिक पद्धत स्वीकारली ही स्वतंत्र देशाच्या पहिल्या पंधरा वर्षांतली एक फार मोठी आणि फार कमी बोलली गेलेली कामगिरी आहे. ती अर्धी राहिली, असं माझं म्हणणं आहे. तराजूपर्यंत ती पोचली, जमिनीपर्यंत आणि पाण्यापर्यंत पोचली नाही. आणि जिथे ती पोचली नाही तिथे जुनं पाप अजून मापात आहे.

आधीचा काळ कसा होता ते नीट आठवायला हवं, कारण आज पायली-शेर म्हटलं की लोकांना आजीचं स्वयंपाकघर आठवतं आणि डोळे ओलावतात. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. ऐकायला सुंदर आहे. पण हा शेर भरायच्या मापाचा. वजनाचा शेर वेगळा, आणि तोही गावोगाव वेगळा. धान्य मापानं द्यायचं म्हटलं की प्रश्न यायचा शिगेचा, म्हणजे मापाच्या काठावर चढणाऱ्या ढिगाचा. माप काठोकाठ भरून वरून हात फिरवायचा की धान्याची शीग चढू द्यायची? कुळाकडून धान्य घेताना शीग चढवायची आणि त्यालाच पेरणीला बियाणं देताना हात फिरवायचा, एवढ्या एका हालचालीत सावकाराचा नफा असायचा. दोन्ही वेळा माप तेच, शेर तोच. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग ज्यांनी रूढ केला त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मुंबई इलाख्यातला जुना मण २८ पौंडांचा. १९३९ च्या कायद्यानं ठरवलेला प्रमाण मण ४० शेरांचा, शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे मण ३२०० तोळ्यांचा, आजच्या हिशेबात सदतीस किलोंच्या वर. एकाच शब्दात तीनपटीचा फरक. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी पाहणीत देशभरात शंभर प्रकारचे मण सापडले. सगळ्यात लहान २८० तोळ्यांचा, सगळ्यात मोठा ८३२० तोळ्यांचा. शेतकऱ्यानं तालुका ओलांडला की त्याच्या मणाचा अर्थ बदलत असे आणि तो बदललेला अर्थ फक्त अडत्याला ठाऊक असे.

वजनाच्या जोडीला पैसा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. तीन रुपये पाच आणे सात पै मण या भावानं दोन मण तेरा शेर सहा छटाक तुरीचे किती झाले? हे तोंडी सांगता यावं म्हणून मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. माझ्या आजोबांना त्या सगळ्या शेवटपर्यंत पाठ होत्या आणि त्यांच्या तोंडून ऐकताना त्या गाण्यासारख्या वाटत. त्या पाठांतराबद्दल मला आदर आहे. पण ज्या गावात चार घरांतल्या मुलांनाच औटकी येते, त्या गावात हिशेब हीच त्या चार घरांची मालमत्ता होते. बाकीच्यांनी अंगठा उठवायचा. गुणाकार अवघड ठेवणं हा सत्ता टिकवायचा एक मार्ग आहे, हे गणिताच्या शिक्षिकेनं तरी म्हणायलाच हवं.

ही गोष्ट फक्त आपली नव्हती. १७८९ साली फ्रान्समधल्या रयतेनं राजाकडे तक्रारींच्या वह्या पाठवल्या, त्यांत पुन्हा पुन्हा मागणी होती ती एका वजनाची आणि एका मापाची, कारण प्रत्येक जहागीरदार आपल्या गढीतल्या मापानं धान्य वसूल करत असे. मीटर आणि किलोग्रॅम जन्मले ते या रागातून. प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्यांना रूप दिलं, पण मागणी शेतकऱ्यांची होती.

आपल्याकडे इंग्रज सरकारनंही एकदा पाऊल उचललं होतं. १८७० च्या सुमारास किलोग्रॅमइतक्या वजनाचा शेर ठरवणारा कायदा झाला आणि तो कागदावरच राहिला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं गेली. डिसेंबर १९५६ मध्ये वजनमापांच्या मानकांचा कायदा संमत झाला. त्याआधीच्या वर्षी नाण्यांचा कायदा बदलला होता. १ एप्रिल १९५७ ला 'नया पैसा' आला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात उतरायला लागला, आधी काही भागांत आणि ताग, कापड, सिमेंट, पोलाद यांसारख्या उद्योगांत, मग टप्प्याटप्प्यानं सगळीकडे. १९६२ पर्यंत बाजारातला शेर संपला. नियोजन आयोगातले पीतांबर पंत आणि भारतीय मानक संस्थेचे लालचंद वर्मन या दोघांनी या कामासाठी जिवाचं रान केलं. त्यांची नावं आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत याची मला खंत आहे.

आजोबांचं किराण्याचं दुकान होतं. त्यांच्या सांगण्यानुसार दुकानाच्या भिंतीवर आणे आणि नव्या पैशांचा तक्ता चिकटवलेला असे. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस आणि चार म्हणजे पंचवीस. बायका भांडायच्या. एकेक आणा करून चार वेळा घेतलं तर चोवीस होतात आणि एकदम घेतलं तर पंचवीस कसे? हे भांडण खरं होतं आणि आजोबांना त्यांना पटेल असं उत्तर देता येत नसे. मग वजनं आली. बिडाची षटकोनी, तळाला भोक, भोकात शिसं ओतलेलं आणि त्या शिशावर वजनमाप निरीक्षकाचा ठसा. आजोबा ते वजन गिऱ्हाईकासमोर उलटं करून ठसा दाखवत. जुना शेर भरायचा ९३३ ग्रॅम. किलो त्याच्याहून ६७ ग्रॅमनं जास्त. गिऱ्हाईक म्हणे, भाव वाढवलात. आजोबा म्हणत, वजनही वाढलंय. दोन दिवाळ्या हे चाललं. तिसऱ्या दिवाळीला कुणी शेराचं नाव काढलं नाही, कारण दुकानात शेर नव्हताच. जुनी वजनं मोडीत गेली होती.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा साक्षरतेचा आहे. १९६१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता २८ टक्क्यांच्या आसपास होती. चारातल्या जवळजवळ तिघांना वाचता येत नव्हतं, त्या देशानं चार-पाच वर्षांत रोजच्या बाजाराची वजनं आणि नाणी दोन्ही बदलली. आज कुणी म्हणालं की 'लोकांना फूटच कळतो, मीटर सवयीचा नाही', तर मला आजोबांच्या दुकानातल्या त्या बायका आठवतात. त्यांना किलो सवयीचा नव्हता. तो त्यांच्या हातात दिला गेला आणि शेर काढून घेतला गेला, म्हणून सवय झाली.

शब्दांची काळजी करणाऱ्यांना मी एवढंच सांगीन की भाषा आपली व्यवस्था स्वतः लावते. सराफाच्या पेढीवर आजही तोळाच बोलतात, पण आता तोळा म्हणजे दहा ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. शब्द राहिला आणि आपणहून नव्या मापात जाऊन बसला. भाजीवाली 'पावशेर' म्हणते आणि अडीचशे ग्रॅमचं वजन टाकते. नऊवारीला कुणी सव्वाआठ मीटरी म्हणायला गेलं नाही, जायची गरजही नाही. नवी सून उंबऱ्यावरचं माप ओलांडते तेव्हा ते माप शेराचं की कशाचं हे कुणी विचारत नाही. शेरास सव्वाशेर भेटतच राहणार. खुद्द सरकारनं पिकांची 'आणेवारी' बदलून 'पैसेवारी' केली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की टंचाईच्या सवलती, हे आज प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ आहे आणि सोळा आण्यांच्या हिशेबाची आठवण कुणाला येत नाही.

सुताराचंही मला काही म्हणायचं नाही. प्लायवूड 'आठ बाय चार' राहू दे, नळाचा पाईप 'अर्ध्या इंची' राहू दे, फॅब्रिकेशनवाल्याचं सूत (इंचाचा आठवा भाग) राहू दे. तिथे विकणारा आणि घेणारा दोघंही त्या मापात मुरलेले असतात. शिंप्याचा टेप इंचाचा असला म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. माझी कसोटी साधी आहे. व्यवहारातल्या दोघांनाही माप कळत असेल तर ते कुठलंही चालेल. एकाला कळतं आणि दुसऱ्याला कळत नाही, तिथे ते माप शिगेचं काम करतं.

जमीन घ्या. सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. पारावर, चावडीवर, खरेदीच्या बोलणीत एकर आणि गुंठा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. इंग्रजी अमदानीतल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, तिचेही सोळा आणे पाडलेले होते आणि त्या साखळीच्या चौरसातून आपला गुंठा आला. म्हणजे ज्याला आपण मातीतलं माप समजतो त्याच्या पोटात इंग्रजांचा फूट आहे. गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर, आर भरतो बरोबर १०० चौरस मीटर. फरक एका टक्क्याहून थोडा जास्त, म्हणून लोक आर आणि गुंठा एकच धरतात. शेतीच्या मोठ्या क्षेत्रात ते चालून जातं. शहराच्या कडेला दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले जातात तिथे एकेका तुकड्यामागे सव्वादोन चौरस मीटरांहून जास्त कुणाच्या बाजूला पडले ते विकणारा बरोबर जाणतो. तोळ्यानं केलं तेच गुंठ्यानं करावं, गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर असं सरकारनं एकदा ठरवून टाकावं, असं मला मनापासून वाटतं. शब्द जाणार नाही. दहा मीटर गुणिले दहा मीटर, सहावीतलं पोर दोरी लावून आखून दाखवील.

फ्लॅटचा अनुभव माझा स्वतःचा आहे. विक्रीच्या ऑफिसात बसून ६२० चौरस फूट कार्पेट असं सांगितलं गेलं, भाव फुटाचा ठरला, सात हजार रुपये. करारनामा हातात आला तेव्हा त्यात क्षेत्र होतं ५६.४० चौरस मीटर. १०.७६४ नं गुणलं तर ६०७ चौरस फूट. तेरा फूट कमी, म्हणजे एक्याण्णव हजार रुपये, एका शिक्षिकेच्या कितीतरी महिन्यांची बचत. मी विचारलं म्हणून रक्कम दुरुस्त झाली. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त काका सही करत होते, त्यांनी विचारलं नव्हतं. रेरा कायद्यानं कार्पेट क्षेत्र सांगणं बंधनकारक केलं ही फार चांगली गोष्ट झाली, नोंदणीत क्षेत्र चौरस मीटरमध्ये येतं, रेडी रेकनरचे दरही चौरस मीटरला आहेत. पण जाहिरात फुटात, बोलणी फुटात, भाव फुटात आणि सही मात्र मीटरवर. दोन मापांच्या मधल्या फटीत किती लोकांची बचत पडली असेल?

आणि हे सगळं कायद्याच्या विरुद्ध चाललं आहे. २००९ चा वैधमापनाचा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. वस्तूचा किंवा सेवेचा दर सांगताना, जाहिरात करताना, पावती देताना प्रमाण एककाखेरीज दुसरं एकक वापरू नये असं त्यात स्पष्ट आहे. किराणा दुकानदारानं शेराचं वजन ठेवलं तर निरीक्षक ते जप्त करील. मग वाळूचा ब्रास कसा चालतो? त्याला कारण आहे. ब्रास सरकारही वापरतं. २०२३ साली राज्य सरकारनं वाळूचं नवं धोरण जाहीर केलं तेव्हा दर सांगितला तो ब्रासला ६०० रुपये. गौण खनिजाचं स्वामित्वधन ब्रासवर. १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर, हे कुठल्या पावतीवर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. ज्यानं नियम लावायचा त्यानंच तो मोडला तर ट्रॉलीच्या ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही.

कापसाचंही असंच आहे. शेतकरी कापूस विकतो क्विंटलवर. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, बाजार बोलतो खंडीवर, आणि ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची, जुन्या मुंबई बाजारातली. टीव्हीवर 'खंडी साठ हजारांवर' असं ऐकल्यावर विदर्भातल्या शेतकऱ्यानं आधी ३.५६ नं भागायचं, रुईचा क्विंटलचा भाव काढायचा, मग कापसातून रुई किती निघते ते धरायचं, सरकीचे पैसे मिळवायचे आणि मग ठरवायचं की दारात आलेला व्यापारी देतो तो भाव बरा की वाईट. व्यापाऱ्याला हा हिशेब झोपेतही येतो. आजोबांच्या काळातली औटकी आता खंडीच्या रूपात शिल्लक आहे.

सगळ्यात जास्त मला जी गोष्ट बोचते ती पाण्याची. मी सांगलीत राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही जे दिवस काढले ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवसांत कानावर काय काय येत होतं ते आठवून पाहा. पाऊस मिलिमीटरमध्ये. कोयनेचा साठा टीएमसीत, १०५.२५ पैकी इतका. विसर्ग क्युसेकमध्ये. अलमट्टीची पातळी मीटरमध्ये, ५१९.६० च्या हिशेबात. आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फूट-इंचांत, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीस आणि त्रेचाळीस फूट. मराठवाड्यात गेलात तर जायकवाडीचा जिवंत साठा एका बातमीत २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि दुसऱ्या बातमीत ७६.६५ टीएमसी. पाणी तेच.

माणसानं घर सोडायचं की नाही हे ज्या आकड्यांवर ठरतं ते आकडे एकमेकांशी बोलतच नाहीत. मी शाळेत एकदा हे फळ्यावर मांडून दाखवलं. कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे एक लाख घनमीटर. ८९२ ला एक लाखानं गुणलं की ८९.२ दशलक्ष घनमीटर. सगळं पाणी धरणात येत नाही, काही मुरतं, पण जास्तीत जास्त किती येऊ शकतं ते आठवीच्या वर्गाला दोन मिनिटांत कळलं. आता हेच टीएमसीत करायचं तर २८.३२ नं भागा, ३.१५ येतात. तो भागाकार वर्गातल्या दोघातिघांनाच कागदाशिवाय जमला. माप नीट असेल तर पाऊस, क्षेत्र आणि साठा हे तिन्ही एका ओळीत येतात आणि सामान्य माणूस स्वतः अंदाज बांधू शकतो. मापं विस्कटलेली असतील तर तो 'साहेब काय सांगतात' याची वाट पाहत बसतो. पुराच्या रात्री वाट पाहण्याची किंमत फार असते.

पाटबंधाऱ्यातले जुने जाणते लोक म्हणतील की टीएमसी आणि क्युसेकची जोडी आपसात जमते. खरं आहे. दिवसभर ११,५७४ क्युसेक सोडले की एक टीएमसी होतो. पण या जोडीत पाऊस बसत नाही, जमीन बसत नाही, शाळा बसत नाही. ती खात्यातल्या माणसाला सोयीची आहे. पाण्याखाली जातो तो खात्याबाहेरचा माणूस.

अर्धवट बदल पूर्ण न बदलण्यापेक्षाही घातक असतो, याचा दाखला कॅनडानं दिला आहे. तिथे मेट्रिककडे जाणं चालू होतं. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं एक नवं बोईंग ७६७ विमान निघालं. त्या कंपनीच्या ताफ्यात किलोग्रॅमवर चालणारी ती पहिलीच जात. त्याला लागत होतं २२,३०० किलो इंधन. लिटरचं वजन काढताना किलोचा गुणक घ्यायच्या ऐवजी सवयीनं पौंडांचा १.७७ घेतला गेला. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं आणि हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर इंजिनाविना उतरवलं, सगळे वाचले. तिथे पौंडही चालू होता आणि किलोही चालू झाला होता. चूक त्या दोहोंच्या मध्ये घडली.

ब्रिटननं १९६९ मध्ये मेट्रिक मंडळ नेमलं, १९८० मध्ये गुंडाळलं आणि आज तिथे रस्त्यावर मैल आणि पेट्रोल लिटरनं अशी स्थिती आहे. ऑस्ट्रेलियानं मात्र १९७० मध्ये कायदा केला आणि जुलै १९७४ मध्ये देशभरातल्या रस्त्यांवरच्या वेगाच्या पाट्या एका महिन्यात बदलल्या. बांधकामवाल्यांनी मिलिमीटर धरला, सेंटीमीटरही मध्ये येऊ दिला नाही, आणि फूट सुटला. तारीख ठरवली आणि त्या तारखेनंतर जुनं माप समोरून काढून घेतलं, एवढंच त्यांनी केलं. आपणही १९५८ ते ६२ या काळात नेमकं हेच केलं होतं.

म्हणून माझ्या मागण्या सरकारकडे आहेत, लोकांकडे नाहीत. वाळू, खडी, मुरूम यांचा दर आणि परवाना घनमीटरवर यावा. घराच्या जाहिरातीतला भाव चौरस मीटरला सांगितला जावा, शेजारी फूट लिहायचा तर लिहावा, पण करार आणि जाहिरात यांचं माप एकच असावं. धरणाचा साठा दशलक्ष घनमीटरमध्ये, विसर्ग सेकंदाला घनमीटरमध्ये आणि नदीची पातळी मीटरमध्ये अशी रोजची बातमी जलसंपदा खात्यानं द्यावी. दोन पावसाळे जुनी मापं कंसात चालू द्यावीत, तिसऱ्या पावसाळ्यात काढून टाकावीत. आयर्विनचे पंचेचाळीस फूट म्हणजे १३.७ मीटर. दोन पावसाळ्यांत हा आकडा सांगलीकरांच्या अंगात इतका मुरेल की कुणाला गुणाकार करावा लागणार नाही.

दादाच्या कामावर त्यानंतर आणखी चार ट्रॉल्या आल्या. वजनकाट्यावर घालून आणायचा विचार आम्ही केला होता, पण ओली वाळू वजनात जास्त भरते, म्हणून तो सोडला. दादानं मालकाला सांगितलं की भाव घनमीटरचा ठरवू. तो आधी नको म्हणाला, मग म्हणाला, मोजायचं तुम्ही. भाचीनं शाळेतला मीटरचा टेप आणला. लांबी २.९०, रुंदी १.६८, उंची ०.५३. मालकानं खिशातली वही काढली, तिच्या हातातल्या कॅल्क्युलेटरकडे पाहिलं आणि २.५८ घ.मी. असं स्वतःच्या हातानं लिहिलं. त्यानुसार पैसे घेतले. चौथ्या ट्रॉलीच्या वेळी त्याचा ड्रायव्हरच टेप घेऊन आला होता.